बाटलीवरचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. द्राक्षबागांसाठी तो कुणी ओळखत नाही आणि त्याचं कारण सरळ आहे. इथला पाऊस भरपूर, उन्हाळा कडक आणि उन्हाळ्यातल्या रात्रीही गरम. द्राक्षाला हे तिन्ही मानवत नाही. तेव्हा भंडाऱ्याच्या माणसानं फ्रान्समधल्या लाल वाइनवर का बोलावं, असं कुणाच्याही मनात येईल. मी आयुष्यभर शेतीशास्त्र शिकवलं आणि धानाच्या बांध्यांमध्ये वाढलो. त्यामुळे मला या विषयात पेल्यापेक्षा मळ्याची गोष्ट जास्त दिसते. एका कुटुंबाच्या मळ्यात पिकलेलं फळ शंभर वर्षं त्याच कुटुंबाच्या हातून आणि त्याच गावाच्या नावानं जगभर जातं, ते कसं? आणि आपला धान, आपला कोसा, आपला मोह गावाची वेस ओलांडताच निनावी का होतो? आजचं बोलणं या दोन प्रश्नांपुरतं.

आधी लाल वाइन म्हणजे काय, ते पाहू. काळं द्राक्ष बोटांत दाबलं तर बहुतेक जातींत आतला रस पांढरटच निघतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात. तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. या वायूबरोबर साली वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो थर रोज खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस उपसून त्यावर ओतावा लागतो. त्यातून रंग उतरतो आणि तुरटपणाही. हिरड्याचा तुकडा चघळला की तोंड आवळतं, ते टॅनिनमुळे. कातडी कमावायला हिरडा वापरतात, तोही याच गुणासाठी. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत हेच टॅनिन असतं. नव्या लाल वाइनमध्ये ते जिभेला टोचतं. लाकडी पिंपात आणि पुढे बाटलीत काही वर्षं राहिलं की मवाळ होतं. चांगली लाल वाइन थांबायला लावते, ती यामुळे. आणखी एक फरक लक्षात ठेवा. वाइन भट्टीवर चढवून गाळत नाहीत. त्यामुळे तिच्यात अल्कोहोल साधारण बारा ते पंधरा टक्के असतं. गाळलेल्या दारूत त्याच्या कितीतरी पट.

आता फ्रान्सच्या दक्षिणेला जाऊ. तिथे ऱ्होन नदीच्या काठी एक गाव आहे, शातोनफ-द्यु-पाप. शेवटचा 'पाप' ऐकून दचकू नका. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पोप. चौदाव्या शतकात पोपची गादी रोमहून जवळच्या आविन्यों शहरात आली होती आणि पोपनं इथे उन्हाळी किल्ला बांधला. म्हणून गावाचं नाव 'पोपचा नवा किल्ला'. इथल्या बऱ्याच मळ्यांत माती दिसतच नाही. जमिनीवर गुळगुळीत गोल गोटे पसरलेले असतात. दिवसभर ते ऊन पितात आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतात. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा जोरदार कोरडा वारा येतो. तो वेली झोडपतो खरा, पण पानांवरची ओल वाळवून बुरशीही दूर ठेवतो.

याच परिसरात शातो द बोकास्तेल नावाचा मळा आहे. १९०९ मध्ये प्येर त्रामिए यांनी तो विकत घेतला. त्यांच्याकडून तो जावयाकडे, प्येर पेराँ यांच्याकडे आला. पुढे मुलगा झाक, मग झाक यांचे दोन मुलगे आणि आता त्यांच्या पुढची पिढी. त्रामिए यांच्यापासून मोजलं तर ही पाचवी पिढी. झाक पेराँ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच रासायनिक फवारण्या सोडून सेंद्रिय शेतीची वाट धरली, तेव्हा तो शब्द फॅशनचा झाला नव्हता. शातोनफच्या नियमांत परंपरेनं तेरा जातींची द्राक्षं मान्य आहेत. बहुतेक शेतकरी त्यांतल्या दोन-चार लावतात. पेराँ कुटुंबानं तेराही जपल्या. लाल वाइनमध्ये ग्रनाश आणि मुर्वेद्र या दोन जातींचा वाटा मोठा. बाकीच्या आपापली चिमूट घालतात. घरच्या मसाल्यात जिन्नस अनेक असतात आणि प्रत्येकाचं प्रमाण त्या घरालाच ठाऊक असतं, तसंच हे.

पण घराणं चिवट होतं म्हणून सगळं जमलं, असं म्हणणं अपुरं ठरेल. या यशामागे तीन गाठी आहेत आणि त्या तिन्ही फ्रेंच शेतकऱ्यांनी ठेच खाऊन बांधल्या.

पहिली गाठ नियमाची. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं फ्रान्सच्या वेली मुळापासून खायला सुरुवात केली. ऱ्होन नदीचं खोरं सुरुवातीच्या बळींपैकी एक. अखेर उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन वेलीची मुळं या किडीला दाद देत नाहीत; म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात, तीच युक्ती. बागा उभ्या राहिल्या, पण मधल्या टंचाईच्या काळात भेसळ बोकाळली. साखर, पाणी आणि बाहेरून आणलेली स्वस्त वाइन मिसळून मोठ्या गावांची नावं लावली जाऊ लागली. खऱ्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधले द्राक्ष उत्पादक लाखोंनी रस्त्यावर उतरले. नार्बोन शहरात सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली.

या पार्श्वभूमीवर शातोनफच्या शेतकऱ्यांनी स्वतःला नियम घालून घेतले. त्यांचे पुढारी बॅरन प्येर ल रॉय हे स्वतः मळेवाले आणि शिवाय वकील. १९२३ पासून त्यांनी हे काम हाती घेतलं. गावाचं नाव कोणत्या जमिनीतल्या द्राक्षाला लावता येईल, कोणत्या जाती चालतील, अल्कोहोल किमान किती हवं, हे लिहून काढलं. वेचणी हातानं आणि खराब घड बाजूला काढलेच पाहिजेत. उत्पादनावरही मर्यादा : हेक्टरी साधारण ३५०० लिटर, म्हणजे एकरी सुमारे १४०० लिटर. जास्त पिकवलं तर त्या जादा मालाला गावाचं नाव नाही. १९३५ मध्ये फ्रान्सनं या कल्पनेचा राष्ट्रीय कायदा केला आणि १९३६ मध्ये शातोनफ त्यातल्या पहिल्या काही नावांत नोंदलं गेलं. आपल्या नावाबद्दल हे गाव किती जागरूक असावं? १९५४ मध्ये उडत्या तबकड्यांची हूल उठली, तेव्हा तिथल्या महापौरांनी गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरायला बंदी करणारा हुकूम काढला. त्यात गंमत होती आणि गावाची जाहिरातही झाली.

दुसरी गाठ घरी बाटली भरण्याची. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही फ्रान्समध्ये शेतकरी पिंपं भरून व्यापाऱ्याला द्यायचा. व्यापारी आपल्या गोदामात ती मुरवायचा, मिसळायचा आणि बाटलीत भरायचा. बाटलीवर कुणाचं नाव आणि आत काय, हे त्याच्या हाती. १९२४ मध्ये बोर्दो भागातले तरुण बॅरन फिलीप द रॉथशील्ड यांनी ठरवलं की आपल्या मळ्याची सगळी वाइन मळ्यातच बाटलीबंद होईल. त्यासाठी साठवणीच्या मोठ्या कोठ्या बांधाव्या लागल्या आणि माल दोन-दोन वर्षं सांभाळावा लागला. म्हणजे भांडवल अडकलं. पण नाव, माल आणि जबाबदारी एका हातात आली. ही सोय लहान शेतकऱ्याला एकट्यानं परवडत नाही, म्हणून फ्रान्समध्ये गावोगावी सहकारी तळघरंही उभी राहिली.

तिसरी गाठ वारसाची आणि ती आपल्याला सगळ्यांत जवळची. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यानं मुलांमध्ये समान वाटणी आली. न्याय झाला, पण जमिनीचे तुकडे पडले. बर्गंडी भागात क्लो द वूझो नावाचा पन्नासेक हेक्टरांचा एक प्रसिद्ध मळा आहे. त्याच्या भिंतीआड आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी. आपल्या सातबाऱ्यावर नावांची शेपटी कशी वाढत जाते, ते आठवा. बोर्दोतल्या काही घराण्यांनी यावर वेगळा तोडगा काढला. शातो लातूरच्या वारसांनी १८४२ मध्ये जमीन न वाटता तिची एक कंपनी केली आणि भाग वाटून घेतले. हे आपल्या मराठवाड्यातलं लातूर नव्हे, बरं का. फ्रेंचमध्ये 'ला तूर' म्हणजे मनोरा. वारस वाढले, मळा मात्र अखंड राहिला.

नियम, घरची बाटली आणि अखंड जमीन. या तीन गाठी ध्यानात ठेवून आता महाराष्ट्रात येऊ.

आपल्या राज्यात द्राक्ष खूप, पण ते खायचं आणि बेदाण्याचं. वाइनची आधुनिक सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. तिथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन केली आणि ती परदेशातही गेली. ही कंपनी २०१० च्या आसपास कर्जात बुडाली, पण वाट तिनंच पाडली होती. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वडिलांच्या जमिनीवर १९९७ मध्ये वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क आखले गेले.

इथल्या वेलीचं वेळापत्रक फ्रान्सच्या अगदी उलटं. तिथे हिवाळ्यात वेल बर्फात झोपते आणि सप्टेंबरच्या सुमारास वेचणी होते. इथे वेल झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी : उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावर फळ छाटणी. जानेवारी ते मार्चमध्ये फळ तोडायचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातल्या रात्री तिथे थंड असतात आणि त्या थंडीनं द्राक्षातली आंबट धार टिकते. ती धार नसेल, तर लाल वाइन नुसती गोडसर आणि जड होते.

कौटुंबिक मळ्यांची दोन उदाहरणं इथे सांगण्यासारखी आहेत. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात गुरनानी कुटुंबानं २००६ मध्ये 'यॉर्क' ही वायनरी सुरू केली. नाव इंग्लंडमधल्या शहराचं वाटतं. प्रत्यक्षात ते योगिता, रवी आणि कैलाश या भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांतून आलं. कैलाश गुरनानी ऑस्ट्रेलियात वाइनशास्त्र शिकून आले आणि घरची वाइन करू लागले. त्यांच्या लाल वाइनचं नाव झालं. २०२१ मध्ये ही वायनरी सुलानं विकत घेतली. दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचं. तिथे २००७ मध्ये भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. इटालियन भाषेत भावांना 'फ्रातेली' म्हणतात, तेच कंपनीचं नाव झालं. फ्रान्समधल्या रोपवाटिकेतून साडेतीन लाखांच्या घरात कलमं आणली गेली आणि टस्कनीचे अनुभवी वाइनकार पिएरो मासी यांनी काम मांडलं. तिथली 'सेत्ते' ही लाल वाइन इटलीची सांजोव्हेजे आणि फ्रान्सची काबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींच्या मिश्रणाची. उसाच्या मुलखात हे घडलं, हे विशेष.

पण या चित्राची दुसरी बाजू सांगायलाच हवी. २००० नंतरच्या तेजीत अनेक शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षाऐवजी वाइनच्या जाती लावल्या आणि वायनऱ्यांशी करार केले. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटक घटले, टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली आणि कित्येक वायनऱ्या बंद पडल्या. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते बाजारात नेऊन खायला विकता येत नाही. शेतकऱ्यांनी वेली उपटून टाकल्या. ज्याच्याकडे फक्त फळ होतं आणि टाकी, बाटली, नाव दुसऱ्याकडे, त्याला थांबायची सोय नव्हती. म्हणजे आपल्याकडेही दुसरी गाठच सुटली होती. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पहिल्या गाठीला निदान सुरुवात झाली.

या विषयात आरोग्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. लाल वाइन हृदयाला चांगली, असं पूर्वी सर्रास लिहिलं जाई. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायाबापड्यांच्या लढ्यातून आली. २०२२ च्या सुरुवातीला मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा किती विरोध झाला हेही आपण पाहिलं. मला तो विरोध समजतो. शेतकऱ्याचं भलं आणि शेजाऱ्याच्या घरातलं दुःख एकाच तराजूत तोलणं सोपं नाही. म्हणूनच मी फ्रान्सकडून पेला उचला असं म्हणत नाही. त्या तीन गाठी तेवढ्या उचलू या.

आणि गाठी आपल्याला अनोळखी नाहीत. आपल्या जिल्ह्यातले तलाव कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधले. पाळ कुणी राखायची, पाणी कोणत्या बांधीला आधी, याचे रिवाज ठरलेले होते. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली. जुलूमही गेला, हे चांगलंच झालं. पण तलाव 'माजी मालगुजारी' झाले, सरकारी झाले, आणि जपणारा हात सैल झाला. गाळ साचला. मालकी बदलली तर हरकत नसते. जबाबदारी कुणाकडे, याचं उत्तर हरवलं की वस्तू हरवते.

आता मोह पाहा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलात साखर भरपूर, द्राक्षासारखीच. ते वाळवतात आणि बरेचदा हंगामातच, भाव पडलेला असताना, विकून टाकतात. कारण साठवायला कोरडी जागा नसते आणि घरात पैशांची निकड असते. मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर जुने निर्बंध होते. ते राज्य सरकारनं २०२१ मध्ये उठवले. फूल वेचणारी बाई आणि पिंपं व्यापाऱ्याला देणारा जुना फ्रेंच शेतकरी यांची अडचण एकच. मोहाची दारूच करावी असं नाही. लाडू, सरबत, मनुकांसारखी वाळवलेली फुलं, सगळं होतं. पण आधी कोरडं गोदाम हवं.

आणि आपला चिन्नोर. शिजताना शेजारघरी वास जातो असा तांदूळ. 'भंडारा चिन्नोर' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचे दर्जे दोनच, साधारण आणि अ. तिथे वासाला भाव नाही. चिन्नोरचं उत्पादन कमी, दिवस जास्त. मग शेतकरी तो घरापुरता लावतो. मानांकनाचा कागद असला, तरी शेतकऱ्याला स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवावं लागतं, तेव्हाच ते नाव त्याला पिशवीवर छापता येतं. ही नोंदणी म्हणजे पहिली गाठ. गावात लहान गिरणी आणि वजन करून पिशवी भरायची सोय म्हणजे दुसरी. तिसऱ्या गाठीसाठी कायदा आहेच. २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद झाली. सातबारा ज्याचा त्याचा राहतो. गिरणी, गोदाम आणि नाव सामाईक होतं. लातूरच्या वारसांनी १८४२ मध्ये जे केलं, त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणा.

बोकास्तेलला घडी बसायला पिढ्या लागल्या आणि शातोनफला नियम लिहिल्यापासून कायद्यापर्यंत तेरा वर्षं. आपल्याला आरंभ एका हंगामात करता येईल. येत्या खरिपात एका गावातल्या दहा घरांनी चिन्नोर लावावा. बियाणं एकच वापरावं. दुसऱ्या जातीचा दाणा मिसळायचा नाही, असा लेखी ठराव करावा. मळणीनंतर तो धान केंद्रावरच्या ढिगात न घालता वेगळा ठेवावा आणि पाच-पाच किलोच्या पिशव्यांवर ठळक अक्षरांत गावाचं नाव छापावं. नागपूरच्या एखाद्या घरात तो भात शिजेल, वास दरवळेल आणि कुणीतरी पिशवी उलटून विचारेल, हे गाव कुठे आहे? तो प्रश्न विचारला गेला, तर पुढच्या वर्षी अकरावं घर आपणहून चिन्नोर लावेल.